नोटीस आलीय, फोन भरलाय : व्हॉट्सअ‍ॅप, मेल, सीसीटीव्ही उडवलं तर कायद्यात अडकतो का?

उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी इथं मिसळीच्या आणि पुराच्या धाग्यांवर नुसता वाचत असतो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, वडिलांच्या वेळचं. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग ओतून घ्यायचं, मशिनिंग करायचं आणि पुण्याकडच्या एका पार्टीला द्यायचं. सहा वर्षं व्यवहार सरळ होता. मागच्या वर्षी त्यांनी दोन लॉट रिजेक्ट केले, डेबिट नोट टाकली (म्हणजे तेवढे पैसे आमच्या नावे वजा केले) आणि वर आधीचे अकरा लाखही अडकवून ठेवले. त्यांचं म्हणणं, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन (सुधारलेली आवृत्ती) पाठवली होती, तुम्ही जुन्यावर काम केलं. आमचं म्हणणं, नवी रिव्हिजन आलीच नाही. पीओ (खरेदीची ऑर्डर) तेवढी मेलवर यायची. ड्रॉइंग, 'उद्या गाडी पाठवा', 'बोअर जरा मोठा ठेवा', हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.

गेल्या आठवड्यात त्यांच्या वकिलाची नोटीस आली. आमचे वकील फोनवर एवढंच म्हणाले, "काहीही डिलीट करू नका, बुधवारी या." आता माझा फोन गच्च भरलाय, नवा फोटो निघत नाही. पोरगं म्हणतंय जुना देऊन नवा घेऊ. ऑफिसचा कॉम्प्युटर फॉरमॅट करायला माणूस शनिवारी येणार आहे. गेटवरचा सीसीटीव्ही तर आपोआप पुसला जातो.

जपून ठेवलंच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलंय, की ही नुसती वकिलांची सावधगिरी? दिवाणी मामला आहे, फौजदारी नाही.

झणझणीत | सोमवार, रात्री १०:५१

फॉरमॅटवाल्याला आधी फोन करा. धागा नंतर वाचा.

गूळपावडर | सोमवार, रात्री ११:०५

कसला कायदा नि काय घेऊन बसलाय राव. फोन तुमचा, मेसेज तुमचे. आमच्या आज्ज्याचा बांधाचा दावा बावीस वर्षं चालला, दोन वकील वारले. तवर फोन टिकतोय व्हय? घ्या नवा. कोण इचारत न्हाई.

काळाकोट | मंगळवार, सकाळी ७:२०

गूळपावडर, विचारतात हो, आणि उलटतपासणीत विचारतात, तिथे सुटका नसते. (कसबा बावड्याच्या कोर्टात बारा वर्षं वकिली करते. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा. सल्ला तुमच्या वकिलांचाच घ्या.)

उद्यमनगरी दादा, 'नोटीस मिळताच सर्व इलेक्ट्रॉनिक पुरावा जपावा' असं सरळ सांगणारं एकच कलम आपल्याकडे नाही. म्हणून लोकांना मोकळीक वाटते. पण चार बाजूंनी दोर येतात.

पहिला दोर सगळ्यात जुना. हातातला पुरावा जो पुढे आणत नाही, त्याच्या तो विरुद्धच गेला असता असं न्यायालय धरू शकतं. हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मधलं उदाहरण (जी). आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ११९ मध्ये आलंय. सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा केतकर खटला आम्हाला कॉलेजात पाठ करून घ्यायचे. वाद कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याशी निगडित होता. सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नसली तरी उत्तम पुरावा तुमच्याजवळ असेल तर तो लपवून चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा वह्या होत्या, आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, एवढाच फरक.

दुसरा दोर दिवाणी प्रक्रिया संहितेचा. आदेश ११ खाली समोरचा तुमच्याकडची कागदपत्रं उघड करायला लावू शकतो. न्यायालयाचा हुकूम मोडला तर वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. आणि तुमचा मामला मालाच्या विक्रीचा, तीन लाखांच्या वरचा, म्हणजे व्यावसायिक न्यायालय कायदा २०१५ लागू होणार. (मर्यादा आधी एक कोटी होती, २०१८ मध्ये तीन लाखांवर आणली.) तिथला आदेश ११ जास्त कडक आहे. तुमच्या ताब्यातली वादाशी संबंधित कागदपत्रं, तुमच्या बाजूची असोत की विरुद्धची, यादी करून शपथेवर सांगावी लागतात. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डही त्यातच. नंतर काही सापडलं तर तेही द्यायचं, दावा निकाली निघेपर्यंत.

उरलेले दोन दोर संध्याकाळी. तारखा आहेत.

जर्सीतला_रंकाळेकर | मंगळवार, सकाळी ८:१०

न्यू जर्सीतून. मी ज्या कंपनीत आहे तिथे वर्षातून दोन-तीनदा लीगलकडून मेल येते, "अमुक प्रकल्पाशी संबंधित काहीही पुसू नका." त्याला लिटिगेशन होल्ड म्हणतात. आयटीवाले तेवढ्या लोकांचं आपोआप पुसणं बंद करतात. दावा दाखल व्हायची वाट बघत नाहीत, दावा होईल असा रास्त अंदाज आला की कर्तव्य सुरू.

हे रुजलं झुबुलाके विरुद्ध यूबीएस या खटल्यामुळे. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार होती. बँकेच्या लोकांनी मेल पुसल्या, काही बॅकअप टेप सापडेनात. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३-०४ मध्ये एकामागून एक आदेश दिले आणि वकिलांनाही सुनावलं की अशिलाला 'जपा' सांगून हात झटकू नका, जपतोय का ते बघा. शेवटी ज्यूरीला सांगण्यात आलं की पुसलेल्या मेल बँकेच्या विरोधात होत्या असं तुम्ही धरू शकता. २००५ मध्ये निकाल सुमारे २.९ कोटी डॉलरचा लागला. २०१५ पासून तिथला नियम ३७(ई) थोडा मवाळ आहे. हयगयीने गेलं तर नुकसानीपुरता उपाय, मुद्दाम पुसलं तरच मोठी शिक्षा.

गूळपावडर | मंगळवार, सकाळी ८:३२

जर्सी राहू द्या तिकडं. हितं तलाठ्याकडं कागद सापडंना.

खतावणी | मंगळवार, सकाळी ९:४५

मी निवृत्त दिवाणजी, लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर ३४ वर्षं काढली. आमच्या शेठजींचा दंडक होता, वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची, वरची रक्कम वाचता आली पाहिजे, बाजूला बरोबर रक्कम लिहून सही. पान फाडलं तर नोकरी गेली. दिवाळीला वह्या पूजेत ठेवायचो त्या उगाच नव्हे. एकदा एका आडत्याशी वाद कोर्टात गेला, त्याच्या रोजमेळाची चार पानं नव्हती आणि आमची रेघ मारलेली चूक होती. आमचीच वही धरली गेली.

उद्यमनगरी, तुमचा कॉम्प्युटर फॉरमॅट करता येणारच नाही. दावा नसता तरी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे आहेत. मुलाला सांगा.

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १२:१५

आपल्याकडं सगळ्यात मोठा पुरावा-भक्षक म्हणजे महापूर. २०१९ नंतर जो तो म्हणतोय, "रेकॉर्ड पुरात गेलं." २०२१ ला परत तेच. एका ओळखीच्या दाव्यात समोरच्यानं सांगितलं, सर्व्हर पुरात बुडाला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "ऑफिस कितव्या मजल्यावर?" तिसऱ्या. हॉलमध्ये हसू दाबायची पंचाईत झाली.

खरंच ज्यांचं बुडालं (आमचं दुकान शाहूपुरीत, छातीएवढं पाणी) त्यांना मात्र त्यामुळं कुणी खरं धरत नाही.

डीव्हीआरवाला | मंगळवार, दुपारी १:०२

सीसीटीव्हीचं मी सांगतो, धंदाच आहे. चार कॅमेरे आणि एक टीबीची हार्ड डिस्क असेल तर सेटिंगप्रमाणे दोन ते चार आठवडे टिकतं, मग जुन्यावर नवं चढतं. मागच्या वर्षीचं फुटेज मिळणार नाही, ते विसरा. पण रिजेक्ट झालेला माल परत आलाय का? कधी आला? ताजा असेल तर आजच डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बंद करा, डिस्क काढून ठेवा, नवी डिस्क घाला. पेनड्राइव्हवर क्लिप काढणं वेगळं आणि मूळ डिस्क ठेवणं वेगळं. आणि डीव्हीआरचं घड्याळ बघा! निम्म्या ठिकाणी घड्याळ चुकीचं असतं. चुकीचं असलं तरी दुरुस्त करू नका, खरी वेळ आणि त्यावरची वेळ दोन्ही दिसतील असा फोटो काढून ठेवा.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी ३:४०

सगळ्यांचे आभार. फॉरमॅटवाल्याला नको सांगितलं. रिजेक्ट माल १९ दिवसांपूर्वी परत आला, गाडीवाल्यानं गेटवरच खाली केला, पेट्या फुटक्या होत्या. डीव्हीआर आत्ताच बंद केला, साहेब. घड्याळ ४० मिनिटं पुढं आहे!

आता खरं सांगतो, कारण इथं मला कोण ओळखत नाही. फोन भरलाय हे खरंच आहे, पण तेवढंच कारण नाही. माझीच एक व्हॉइस नोट आहे त्यांच्या क्वालिटीवाल्याला. पहिल्या लॉटच्या वेळची. "साहेब, ह्या हीटचं मटेरियल जरा हलकं पडलंय, ब्लो होल निघतील थोडे, एवढ्या वेळी चालवून घ्या." (हीट म्हणजे एका वेळचं ओतकाम, ब्लो होल म्हणजे धातूतली हवेची छिद्रं.) रिव्हिजनच्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. पण ते ऐकलं तर सगळा दोष माझ्यावरच येईल. ती एवढी एकच गेली तर? बाकी सगळं ठेवतो.

झणझणीत | मंगळवार, दुपारी ३:४४

दादा, ती त्यांच्या फोनमध्ये पण आहे 🤦

गूळपावडर | मंगळवार, दुपारी ३:५८

व्हय की. 'सगळ्यांसाठी डिलीट' पण दोन-अडीच दिसांतच होतंय, आता न्हाई व्हायचं. आन झालं असतं तरी 'हा मेसेज डिलीट केला' अशी पाटी मागं ऱ्हातीच. चोर गेला, चप्पल ऱ्हायली.

(मी काल जे बोललो ते मागं घेत न्हाई, पण ह्या बाबतीत न्हाई.)

रविवारपेठ_ताई | मंगळवार, सायंकाळी ४:३०

मला तर वेगळंच वाटतं. खाजगी बोलणं खाजगी असतं. चार वर्षांचं व्हॉट्सअ‍ॅप कोर्टात उघडायचं म्हणजे नवरा-बायकोची भांडणं, डॉक्टरचे रिपोर्ट, सगळं आलं की. दादांनी मुलाच्या लग्नाचं बोलणंही त्याच फोनवर केलं असेल. जपा म्हणायला सोपं आहे. मोठ्या कंपनीला वेगळे सर्व्हर असतात, उद्यमनगरातल्या माणसाचा एकच फोन असतो.

काळाकोट | मंगळवार, रात्री ९:१५

ताई, मुद्दा बरोबर आहे. पण जपणं आणि दाखवणं वेगळं. फोन पूर्ण ठेवायचा, दाखवायचं फक्त वादाशी संबंधित. घरच्या गप्पा कुणी मागितल्या तर आम्ही हरकत घेतो, आणि ती टिकते.

उद्यमनगरी दादा, ती नोट उडवायचा विचार मनातूनच काढा. तिसरा दोर राहिला होता ना सांगायचा, तो हाच. न्यायालयात हजर करायला लावता येईल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड पुरावा होऊ नये म्हणून नष्ट करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भादंवि कलम २०४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २४१. तीन वर्षांपर्यंत कैद. दावा दिवाणी असला तरी हे कलम फौजदारी. 'दिवाणी आहे, फौजदारी नाही' असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये म्हणालात, म्हणून मला काल झोपताना तेच आठवत होतं. उठसूट लागतं असं नाही, हेतू सिद्ध करावा लागतो. पण नोटीस आल्यावर नेमकी एकच नोट गायब, यापेक्षा उघड हेतू कुठला?

आणि आदेश ११ ची शपथ आठवा. 'विरुद्धची असली तरी'. हलक्या मटेरियलचा दोष एका लॉटचा. पुसण्याचा दोष सगळ्या साक्षीचा.

चौथा दोर उलट्या दिशेचा. नोटिशीच्या उत्तरात तुम्हीही लिहा की त्यांनी त्यांच्या पर्चेस, क्वालिटी आणि ड्रॉइंग खात्यातल्या लोकांचे मेल, चॅट आणि ड्रॉइंगच्या सगळ्या रिव्हिजन जपाव्यात. 'रिव्हिजन पाठवली' हा दावा त्यांचा, कधी आणि कुठल्या फोनवरून ते त्यांनी दाखवावं. मग त्यांनी फोन बदलले तर कलम ११९ तुमच्या कामाला येतं. गरज पडली तर दाव्याच्या विषयवस्तूचं जतन आणि तपासणी यासाठी आदेश ३९ नियम ७ खाली अर्ज करता येतो. फुटक्या पेट्या आणि तो माल तसाच ठेवा, भंगारात घालू नका.

झणझणीत | मंगळवार, रात्री ९:३१

ताई, एकच शंका. स्क्रीनशॉट काढून रंगीत प्रिंट मारली, वहीत चिकटवली. झालं ना?

हॅशबहाद्दर | मंगळवार, रात्री ९:५०

नाही झालं. स्क्रीनशॉटची प्रिंट म्हणजे प्रतीची प्रत. १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, रेकॉर्ड कुठल्या उपकरणातून कसं काढलं ते सांगणारं (जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब). आता त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हीत हॅश लिहायची.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एसएचए-२५६ ने ६४ अक्षरांची ओळ मिळते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खी ओळ बदलते. म्हणून आज चॅट एक्स्पोर्ट करून त्याची हॅश काढून ठेवली की दोन वर्षांनी 'तुम्ही मधे काहीतरी घुसडलं' म्हणता येत नाही. अर्थात आज काढायच्या आधी घुसडलं नाही हे हॅश सांगत नाही, त्यासाठी मूळ फोनच लागतो. आणि त्या चॅटला 'गायब होणारे मेसेज' चालू नाहीत ना ते आत्ता बघा. २४ तास, ७ दिवस, ९० दिवस, काहीही असू शकतं.

खतावणी | मंगळवार, रात्री १०:०८

जालन्याचा खटला सांगा कुणीतरी. पेपरात वाचला होता, नीट आठवत नाही.

काळाकोट | मंगळवार, रात्री १०:२५

अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ ची विधानसभा, निकाल २९६ मतांच्या फरकाचा. वाद असा की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतला गेला का. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण होतं, त्याच्या सीडी मिळाल्या, पण ६५ब चं प्रमाणपत्र पुन्हापुन्हा मागूनही अधिकारी देईनात. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचंच. पण पक्षकाराने हातातलं सगळं करून पाहिलं आणि तरी मिळालं नाही, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला शिक्षा नको. आणि मूळ उपकरणच मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणून जुना फोन एक्स्चेंजला देऊ नका, दादा. दुकानदार त्याचे चार हजार देईल, कोर्टात त्याची किंमत अकरा लाख आहे.

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी १०:००

विषयांतर होतंय, पण आता सर्किट बेंच आपल्याच दारात आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोर उच्च न्यायालय भरतंय. एवढी वर्षं आंदोलनं केली, मोर्चे काढले, अपिलाला मुंबईची रात्रीची गाडी धरायला नको. भांडायचंच असेल तर आता सोयीचं आहे 😄

गूळपावडर | बुधवार, सकाळी १०:२०

पार्टी पुण्याची. दावा तिकडंच टाकतील बघा. सोय कुणाची ते कळंल.

लेथमास्तर | बुधवार, सकाळी ११:३५

मीही उद्यमनगरातलाच, दोन गल्ल्या सोडून. दावा कशाला? उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? एमएसएमईडी कायदा २००६ खाली ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, महिन्याच्या चक्रवाढीनं. कलम १८ खाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या कौन्सिलकडे जा. तिथंही पीओ, चलन, बिलं लागतातच, म्हणजे जपायचं कुणाला चुकत नाही. आमचं प्रकरण तिथं गेलं तेव्हा माझ्याकडं चलनांवर त्यांच्या गेटचे शिक्के होते म्हणून तरलो. व्हॉट्सअ‍ॅपवर धंदा करताय तर निदान रोज संध्याकाळी एक मेल टाका, "आज फोनवर ठरल्याप्रमाणे..." दोन ओळी. मी आता तेच करतो. पोरं हसतात.

उद्यमनगरी | गुरुवार, रात्री ९:५०

काल वकिलांकडं जाऊन आलो.

व्हॉइस नोट त्यांना ऐकवली. लाज वाटली, पण ऐकवली. ते दोनदा ऐकून म्हणाले, पहिल्या लॉटचं आपण आपणहून मान्य करू, तेवढ्याची डेबिट नोट स्वीकारू. दुसऱ्या लॉटचं आणि जुन्या बाकीचं भांडू. म्हणजे साधारण दीड लाख जातील. बायको म्हणाली, मटेरियल हलकं होतं तर ते जाणारच होते.

नोटिशीच्या उत्तरात काळाकोट ताईंनी सांगितलं तसं 'तुम्हीही जपा' घातलं. वकिलांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, ओळखीत आहेत. दावा टाकायचा झाला तर, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसल्यानं, आधी मध्यस्थीला जावंच लागेल म्हणे, तिथंच मिटलं तर बरं. लेथमास्तर, उद्यम नोंदणी आहे, कागद घेऊन तुमच्याकडं येतो.

जुना फोन पाकिटात घालून, तारीख टाकून, सही करून गोदरेजच्या कपाटात ठेवला. गायब होणारे मेसेज चालू नव्हते, देवाची कृपा. नवा फोन घेतला, तो पोरगं वापरतंय आणि पोराचा जुना मी. त्यातही जागा नाही!

एक शेवटचं विचारतो. ह्या फोनवर रोज सकाळी पन्नास-साठ शुभ सकाळचे फोटो येतात. ते उडवले तर चालतील ना?

काळाकोट | गुरुवार, रात्री १०:१२

मेव्हण्याच्या ग्रुपवरचे उडवा. त्या क्वालिटीवाल्याने पाठवलेले असतील तर एकही नको.

झणझणीत | गुरुवार, रात्री १०:१५

क्वालिटीवाला अजून शुभ सकाळ पाठवतोय??

उद्यमनगरी | गुरुवार, रात्री १०:२१

रोज. आज गणपतीचा होता.